तास उलटे मोजा : परदेशी विमानप्रवास, चाचण्या आणि वाचकांचे प्रश्न

कोरोनाच्या साथीत परदेशी विमानप्रवासाला लागणाऱ्या चाचण्या आणि लसीचे दाखले यांबद्दलचे वाचकांचे हे प्रश्न फेब्रुवारी २०२२ मधले आहेत. उत्तरांतले नियमही त्या वेळचेच, ते आता लागू नाहीत. १४ फेब्रुवारी २०२२ ला भारतात उतरणाऱ्यांचे कोरोनाचे नियम बदलले आणि २६ फेब्रुवारीला दुबईला जाणाऱ्यांचे. त्यामुळे त्या महिन्यात आलेल्या पत्रांत जुने-नवे नियम एकमेकांत मिसळलेले दिसतात. खालची उत्तरं २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतच्या आदेशांवर आधारलेली आहेत. तिकीट काढताना वाचलेला नियम निघायच्या दिवशीही तोच असेल असं धरून चालू नका. आदल्या दिवशी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघाच. कागद अपुरे असलेल्या प्रवाशाला त्या देशानं परत पाठवलं तर त्याला माघारी आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते, म्हणून चेक-इन काउंटरवर कुणी दयामाया दाखवत नाही.

माझा मुलगा नोकरीसाठी दुबईला निघालाय. विमान मुंबईहून मंगळवारी पहाटे साडेचारचं. मध्ये त्याला कोरोना झाला म्हणून एकच डोस झालाय, दुसरा अजून तीन आठवड्यांनी. त्याच्या मावसभावाला जानेवारीत दोनदा टेस्ट करावी लागली होती. आता किती करायच्या आणि कुठं? निपाणीत स्वॅब दिला तर चालतोय काय?
— एक वडील, निपाणी

आता एकच. जानेवारीत भारतातून दुबईला जाणाऱ्याला ४८ तासांच्या आतली आरटी-पीसीआर लागायची, शिवाय विमान सुटण्याआधीच्या ६ तासांत विमानतळावरच रॅपिड पीसीआर करावी लागायची. विमानतळावरची ती चाचणी २२ फेब्रुवारीपासून दुबईसाठी काढून टाकली. २६ फेब्रुवारीपासून तर दोन्ही डोस झालेल्यांना आणि दाखल्यावर क्यूआर कोड असलेल्यांना चाचणीच लागत नाही. तुमच्या मुलाचा एकच डोस झालाय, म्हणून त्याला ४८ तासांच्या आतला, क्यूआर कोड असलेला आरटी-पीसीआर निगेटिव्ह अहवाल लागेल. कोरोनातून बरं होऊन एक महिना झाला नसेल तर तसं वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवूनही जाता येतं. पण त्यावरही क्यूआर कोड हवा आणि ते अधिकृत आरोग्य यंत्रणेनं दिलेलं हवं. घराशेजारच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर ते भागत नाही, आणि कन्नडमधल्या डिस्चार्ज कार्डावर तर मुळीच नाही.

आता तासांचा हिशेब. तो नेहमी विमान सुटण्याच्या वेळेपासून उलटा करायचा आणि घड्याळ सुरू होतं नाकात काडी जाते त्या मिनिटाला. अहवाल हातात कधी पडला याला इथं अर्थ नाही. मंगळवारी पहाटे साडेचारच्या मागे ४८ तास गेलात की रविवारची पहाटे साडेचार येते. म्हणजे शनिवारी संध्याकाळी दिलेला स्वॅब बाद. रविवारी पहाटे साडेचारनंतर दिलेला चालेल.

गाडी अडते ती इथं, कारण तो दिवस रविवार आहे. तालुक्याच्या ठिकाणची बहुतेक केंद्रं फक्त नमुना गोळा करतात, तपासणी तिथं होत नाही. नमुना द्रावणाच्या नळीत घालून थंड पेटीतून मोठ्या लॅबला जातो. तिथं यंत्रावर एक फेरी चालायला तीन-चार तास लागतात, पण पुरेसे नमुने जमल्याशिवाय ती फेरी लावत नाहीत. निपाणीत रविवारी दुपारी दिलेला स्वॅब सोमवारी सकाळच्या गाडीनं निघाला, तर अहवाल सोमवारी रात्री येणार आणि मुलगा तेव्हा पुण्याच्या पुढं पोचलेला असणार. निपाणी ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. आठ-नऊ तास धरा, खंबाटकी घाटात आणि पुण्याला अडकलात तर दहा. विमानतळावर रात्री एकपर्यंत पोचायचं म्हणजे दोन-तीन तास हाताशी राखून सोमवारी दुपारी बाराला घर सोडायला हवं. तेव्हा अहवाल सोमवारी अकराच्या आत हातात पाहिजे.

म्हणून शनिवारीच फोन करून दोन गोष्टी विचारा : रविवारी नमुना घेता का, आणि तपासणी जागेवरच होते का बाहेर पाठवता? जागेवर तपासणारी लॅब बेळगावला किंवा कोल्हापूरला गाठा आणि रविवारी सकाळी आठ-नऊला स्वॅब द्या. कधी कधी नमुना अपुरा निघतो किंवा निकाल ‘अनिर्णित’ येतो आणि पुन्हा स्वॅब द्यावा लागतो. सकाळी दिलेला असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी दुसरा देता येतो. दुसरा मार्ग म्हणजे रविवारी रात्रीच मुंबईला निघायचं आणि सोमवारी सकाळी तिथल्या लॅबमध्ये स्वॅब द्यायचा. नातेवाईक असतील तर आमच्या मते हाच बरा. रस्त्यातला खोळंबा आणि अहवालाची वाट, दोन्ही एकाच रात्री अंगावर येत नाहीत.

शेवटचं एक. ही उत्तरं दुबई विमानतळाची आहेत. तिकीट शारजा किंवा अबू धाबीचं असेल तर त्या विमानतळाचे नियम वेगळे बघा. एकाच देशात आहेत म्हणून सारखे असतील असं समजू नका.

अहवाल बरोबर आहे की नाही हे आम्ही कसं ओळखायचं? लॅबवाल्यानं दिला तो घेऊन यायचं एवढंच आम्हाला ठाऊक.
— एक वाचक, चिकोडी

स्वॅब द्यायच्या आधी, पावती फाडतानाच निम्मं काम होतं. काउंटरवर सवयीनं आधार कार्ड मागतात आणि आधारचा क्रमांक टाकतात. तुम्ही पासपोर्ट पुढं करा आणि ‘परदेशी जायचंय, पासपोर्ट नंबर रिपोर्टवर यायला पाहिजे’ असं सांगा. टाकलेला क्रमांक स्क्रीनवर स्वतः वाचा. पासपोर्ट क्रमांकात एक इंग्रजी अक्षर आणि सात आकडे असतात. त्यातला शून्य हा इंग्रजी ‘ओ’ म्हणून टाइप होणं ही नेहमीची चूक आहे.

अहवाल आल्यावर या गोष्टी ताडून बघा. नाव पासपोर्टवर आहे तसंच आणि त्याच क्रमानं हवं. जन्मतारीख पूर्ण हवी, ‘वय ३४’ एवढ्यावर भागत नाही. चाचणीचा प्रकार आरटी-पीसीआर असा स्पष्ट हवा. लॅबचं नाव, पत्ता आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मान्यता छापलेली हवी. आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे नमुना घेतल्याची तारीख आणि *वेळ*. पुष्कळ अहवालांवर नमुना ‘मिळाल्याची’ वेळ आणि अहवाल ‘दिल्याची’ वेळ असते, पण ‘घेतल्याची’ नसते. घरी येऊन स्वॅब नेला असेल तर नमुना लॅबमध्ये पोचल्याची वेळ छापून येते आणि ती खऱ्या वेळेपेक्षा चार-सहा तास पुढची असते. तुम्हाला वाटेल, बरंच झालं की, तास वाढले. पण पावतीवरची वेळ आणि अहवालावरची वेळ जुळली नाही तर काउंटरवरचा माणूस आधीची धरतो.

क्यूआर कोड आपल्या मोबाईलवर स्वतः स्कॅन करून बघा. त्यातून लॅबच्या संकेतस्थळावरचा तुमचा मूळ अहवाल उघडायला हवा. काही ठिकाणी नुसतं लॅबचं मुखपृष्ठ उघडतं, काही ठिकाणी पासवर्ड मागतो. असा कोड दुबईच्या प्रवाशाला कुचकामी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला अहवाल पुढं पाठवताना दबला जातो आणि कोड अस्पष्ट होतो, तेव्हा मूळ पीडीएफच मागून घ्या आणि तिच्या दोन छापील प्रती काढा. विमानतळावर मोबाईलची बॅटरी संपलेली माणसं रोज दिसतात.

रॅपिड अँटिजन आणि आरटी-पीसीआर यांची गल्लत करू नका. अँटिजनचा निकाल अर्ध्या तासात मिळतो, पण काही मोजकेच देश तो मान्य करतात. त्यातला एक पुढच्या उत्तरात आहे.

आई-बाबांना अमेरिकेत भावाकडं पाठवायचंय. मुंबईहून विमान शनिवारी रात्री साडेबारानंतर, म्हणजे तारीख रविवारची. दोघांचेही कोविशील्डचे दोन डोस झालेत. ‘एक दिवस आधी’ म्हणजे २४ तास काय? मग बेळगावात टेस्ट करून मुंबई गाठायची कशी?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

अमेरिकेच्या नियमात तास नाहीत, दिवस आहे, आणि हे तुमच्या फायद्याचं आहे. ६ डिसेंबर २०२१ पासून ‘प्रवासाच्या एक दिवस आधी किंवा त्याच दिवशी’ केलेली चाचणी लागते. तो दिवस कॅलेंडरचा. विमान रविवारी ००.५० ला सुटणार असेल तर आदला दिवस शनिवार, आणि शनिवारी पहाटेपासून रात्रीपर्यंत कधीही दिलेला स्वॅब चालतो. घोटाळा होतो तो रात्री बारानंतरच्या विमानांत. लोक ‘शनिवारी रात्रीचं विमान’ म्हणतात आणि शुक्रवारी चाचणी करून मोकळे होतात. ती चाचणी बाद ठरते. तिकिटावरची छापील तारीख बघा, तोंडी सांगितलेली नको.

अमेरिकेला रॅपिड अँटिजन चालते. त्यामुळे शनिवारी सकाळी बेळगावात स्वॅब देऊन तासाभरात अहवाल घेता येईल. पण बेळगाव ते मुंबई जवळपास पाचशे किलोमीटर, दहा-अकरा तास. वयस्कर माणसं, रात्री नऊला विमानतळावर पोचायचं, रस्त्यात कुठं टायर बसला तर संपलं. आमचा सल्ला असा : शुक्रवारी मुंबई गाठा, रात्री विश्रांती घ्या आणि शनिवारी सकाळी तिथं चाचणी करा. कुणी पॉझिटिव्ह निघालं तरी राहायला जागा आणि विचार करायला वेळ हाताशी असतो.

विमान मध्ये कुठं बदलायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) आहेत का ते बघा. एकाच बुकिंगमध्ये असतील आणि मधला थांबा २४ तासांच्या आत असेल, तर मुंबईहून सुटणारं पहिलं विमान धरून दिवस मोजायचा. स्वस्त पडतं म्हणून मुंबई-दोहा एक आणि दोहा-न्यूयॉर्क दुसरं असं वेगवेगळं काढलं असेल, तर अमेरिकेला जाणारं विमान धरून मोजतात आणि दोह्यात उशीर झाला तर तिथं पुन्हा चाचणी गळ्यात येते. चार-पाच हजार वाचवायला जाऊन हे करू नका.

चाचणीशिवाय दोन गोष्टी लागतात : लसीचा दाखला (दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झालेले हवेत) आणि प्रतिज्ञापत्राचा फॉर्म. तो विमान कंपनी देते, घरीच भरून सही करून न्या. म्हाताऱ्या माणसांना काउंटरसमोर चष्मा शोधत इंग्रजी फॉर्म भरायला लावू नका.

माझा पहिला डोस गडहिंग्लजला मामाकडं असताना झाला, दुसरा बेळगावात. दोन्ही वेळी मोबाईल नंबर वेगळा. आता दोन दाखले येतात आणि दोन्हींवर ‘पहिला डोस’ लिहिलंय. शिवाय पासपोर्टवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव असं आहे, दाखल्यावर वडिलांचं नावच नाही. लंडनला शिकायला जायचंय.
— एक विद्यार्थिनी, खानापूर

सीमाभागात हा घोळ घरोघरी आहे. एक डोस महाराष्ट्रात, एक कर्नाटकात, नोंदणी एकदा मामाच्या मोबाईलवर आणि एकदा स्वतःच्या. कोविनच्या, म्हणजे लसीकरणाची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळाच्या, लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती होतात. पण ही चूक घरबसल्या सुधारता येते, फक्त क्रम चुकवू नका.

आधी दोन्ही नोंदी एका खात्याखाली हव्यात. cowin ऐवजी भलत्याच संकेतस्थळावर जाऊ नका, सरकारी कोविनवरच मोबाईल क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा. ‘रेझ ॲन इश्यू’ या बटणाखाली पहिल्या डोसचे दोन दाखले एकत्र करण्याचा पर्याय आहे. तिथं दोन्ही नोंदींचे लाभार्थी क्रमांक लागतात, म्हणून गडहिंग्लजच्या नोंदीसाठी मामांच्या मोबाईलवर ओटीपी घ्यावा लागेल. त्यांना आधी फोन करून जवळ बसायला सांगा, ओटीपी काही मिनिटांतच संपतो. दोन्ही नोंदींत नाव, जन्मवर्ष आणि ओळखपत्र यांत फरक असेल तर विलीनीकरण अडकतं.

एकत्र झाल्यावर, आणि त्यानंतरच, नाव दुरुस्त करा. पासपोर्टशी नाव जुळवण्याची दुरुस्ती एकदाच करता येते. म्हणून पासपोर्ट उघडून समोर ठेवा, ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’ या दोन रकान्यांत काय आहे ते जसंच्या तसं उतरवा. आपल्याकडं पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुधा गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढं असतं. तेव्हा दाखल्यावरही ते तिथंच यायला हवं. कन्नडवरून इंग्रजीत गेलेल्या आधार कार्डातलं स्पेलिंग आणि मराठी शाळेच्या दाखल्यावरून गेलेल्या पासपोर्टातलं स्पेलिंग वेगळं असतंच : कुठं एक ‘ए’ जास्त, कुठं ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’, कुठं ‘एच’ गळालेला. आधार काय म्हणतं याला इथं किंमत नाही. पासपोर्ट म्हणेल ते खरं.

त्यानंतर तिसरी पायरी. पासपोर्ट क्रमांक जोडा आणि ‘इंटरनॅशनल ट्रॅव्हल सर्टिफिकेट’ उतरवून घ्या. हा दाखला नेहमीच्या दाखल्याहून वेगळा आहे. नेहमीच्यावर नुसतं वय असतं आणि इंग्रजीच्या जोडीला कन्नड किंवा मराठी. परदेशवारीच्या दाखल्यावर पूर्ण जन्मतारीख असते. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटननं कोविशील्ड मान्य करूनही आपला दाखला मान्य केला नव्हता, तेव्हा हा दाखला आला. ११ ऑक्टोबरपासून कोविशील्डचे दोन डोस झालेल्या भारतीयांचं तिथलं विलगीकरण सुटलं.

तुम्हाला सध्या ब्रिटनसाठी चाचणी लागत नाही. ११ फेब्रुवारीपासून दोन डोस झालेल्यांना जाण्याआधीची आणि उतरल्यानंतरची, दोन्ही चाचण्या माफ आहेत. फक्त ‘पॅसेंजर लोकेटर फॉर्म’ भरावा लागतो. तो विनाशुल्क आहे. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते बंद करा.

मी कोव्हॅक्सिन घेतली. परदेशात चालते काय?
— एक वाचक, हुक्केरी

जागतिक आरोग्य संघटनेनं ३ नोव्हेंबर २०२१ ला तिला आपत्कालीन वापराच्या यादीत घेतलं. त्यानंतर अमेरिका ८ नोव्हेंबरपासून आणि ब्रिटन २२ नोव्हेंबरपासून ती धरतात. ऑस्ट्रेलियानं १ नोव्हेंबरलाच मान्य केली होती. युरोपात मात्र प्रत्येक देश स्वतःची यादी ठेवतो, तेव्हा जिथं उतरणार त्या देशाच्या वकिलातीचं पान बघा.

युरोपला जाणाऱ्यांनी, मग लस कुठलीही असो, आणखी एक आकडा लक्षात ठेवावा : २७०. युरोपीय संघाची १ मार्च २०२२ पासूनची शिफारस अशी होती की दुसऱ्या डोसला १४ दिवस झालेले असावेत, पण २७० दिवस उलटलेले नसावेत, नाहीतर बूस्टर (तिसरा डोस) झालेला असावा. मे २०२१ मध्ये दुसरा डोस घेतलेल्यांचे २७० दिवस फेब्रुवारी २०२२ अखेरपर्यंत संपले. आपल्याकडं १० जानेवारी २०२२ पासून तिसरा डोस मिळू लागला तो आरोग्य आणि आघाडीचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले ६० वर्षांवरचे यांनाच. म्हणजे तिशीतल्या धडधाकट माणसाला इच्छा असूनही तो तेव्हा घेता येत नव्हता. अशांनी लसीच्या दाखल्यावर विसंबू नये. त्या देशाला चाचणीचा अहवाल चालतो का ते व्हिसाच्या वेळीच विचारून घ्यावं.

जानेवारीत घरात सगळ्यांना कोरोना होऊन गेला. मला आता काहीच त्रास नाही, पण परवा टेस्ट केली तर पॉझिटिव्ह आली. कॅनडाला जायचंय. ‘दुसऱ्या लॅबमध्ये करून बघ, निगेटिव्ह देतात’ असं एकजण म्हणाला.
— एक वाचक, अथणी

त्या एकाचं ऐकू नका. खोटा अहवाल दाखवणं हा गुन्हा आहे, आणि प्रत्येक चाचणीची नोंद नमुन्याच्या क्रमांकासह आयसीएमआरच्या पोर्टलवर गेलेली असते. परवाचा पॉझिटिव्ह आणि आजचा निगेटिव्ह, दोन्ही त्याच पासपोर्ट क्रमांकावर दिसतील. व्हिसावर कायमचा डाग घेण्यासारखं हे काम नाही.

तुम्हाला काय झालंय ते समजून घ्या. आरटी-पीसीआर विषाणूच्या जनुकीय तुकड्यांची वाढ करून ते शोधते. विषाणू मेल्यावरही त्याचे तुकडे नाका-घशात उरतात, कुणाच्या तीन आठवडे, कुणाच्या त्याहून जास्त. म्हणून बरा झालेला माणूसही पॉझिटिव्ह दिसतो. अहवालावरची ‘सीटी’ म्हणजे किती आवर्तनांनंतर तुकडे सापडले तो आकडा. तो जितका मोठा तितके तुकडे कमी. आपल्याकडं ३५ पर्यंतच्या आकड्याला पॉझिटिव्ह म्हणतात. तुमचा आकडा ३३-३४ असला तरी काउंटरवर त्याचा उपयोग नाही. तिथं फक्त ‘पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’ एवढंच वाचतात.

पण कॅनडानं तुमच्यासारख्यांसाठी दार ठेवलंय. प्रवासाच्या किमान १० आणि जास्तीत जास्त १८० दिवस आधी आलेला पॉझिटिव्ह अहवाल ते निगेटिव्हच्या जागी घेतात. तो आरटी-पीसीआरसारख्या चाचणीचा हवा, अँटिजनचा नको. जानेवारीत तुमची आरटी-पीसीआर झाली होती का? झाली असेल तर तो अहवाल शोधून काढा. लॅबकडून पासपोर्ट क्रमांकासह इंग्रजीत पुन्हा छापून घ्या, जुन्या नोंदीवरून देतात. तेव्हा घरगुती किटवर भागवलं असेल तर परवाचा अहवाल हाच तुमचा पहिला पुरावा. त्यात नमुना घेतल्याच्या तारखेपासून १० दिवस जाऊ द्या आणि तिकीट पुढं ढकला. मधल्या काळात पुन्हा पुन्हा चाचण्या करत बसू नका. प्रत्येक नवा पॉझिटिव्ह अहवाल काउंटरवर नवा प्रश्न उभा करतो.

अमेरिकेची सोय थोडी निराळी : ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह अहवाल, आणि ‘प्रवासाला हरकत नाही’ असं नोंदणीकृत डॉक्टरांचं सहीचं पत्र. ते इंग्रजीत, लेटरहेडवर, डॉक्टरांच्या पत्त्या-फोनसह हवं.

आता कॅनडाचा ‘अराइव्हकॅन’ फॉर्म. तो विमान उतरण्याआधीच्या ७२ तासांत भरायचा असतो, त्यात हा पॉझिटिव्ह अहवाल नोंदवा. मध्ये आणखी कुठल्या देशात विमान बदलत असाल तर त्या देशाला हा जुना पॉझिटिव्ह चालतो का तेही बघा. तिथंच अडकलेले लोक जास्त.

भारतात परत येणाऱ्यांना घरी ७ दिवस कोंडून घ्यावं लागतंय म्हणे. सासू-सासरे अमेरिकेहून येतायत, नणंद दुबईहून तीन वर्षांच्या मुलीला घेऊन. सगळे मुंबईला उतरून बेळगावला येणार.
— एक गृहिणी, टिळकवाडी

ते ११ जानेवारीचे नियम होते : ७ दिवस घरी विलगीकरण आणि आठव्या दिवशी चाचणी. १४ फेब्रुवारीपासून दोन्ही गेले, ‘धोकादायक देश’ ही यादीही गेली. आता १४ दिवस स्वतःच प्रकृतीवर लक्ष ठेवायचं, ताप-खोकला आला तर वेगळं राहून आरोग्य खात्याला कळवायचं.

निघण्याआधी ‘एअर सुविधा’ हा फॉर्म भरावाच लागतो. त्यात मागच्या १४ दिवसांचा प्रवास, पासपोर्टची प्रत आणि ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल किंवा दोन डोसांचा दाखला जोडायचा. दाखल्यावर भागतं ते सरकारनं जाहीर केलेल्या ८२ देशांतून येणाऱ्यांचं. अमेरिका त्या यादीत आहे, तेव्हा सासू-सासऱ्यांचे दोन्ही डोस झाले असतील तर चाचणी नको. यादी जाहीर झाली तेव्हा यूएई (दुबई ज्या देशात आहे तो) त्यात नव्हतं, म्हणून नणंदबाईंनी आरटी-पीसीआर करूनच निघावं. दुबईत ती सहज आणि लवकर होते. पाच वर्षांखालच्या मुलांना जाण्याआधीची आणि उतरल्यावरची चाचणी माफ आहे, लक्षणं नसतील तर. पण माफी चाचणीची आहे, फॉर्मची नाही. मुलीच्या पासपोर्टवरही फॉर्म भरा.

फॉर्म भरताना बहुतेकांचं अडतं ते जोडपत्रांत. ती पीडीएफच हवीत आणि हलकी हवीत. मोबाईलवर काढलेल्या मोठ्या फोटोची पीडीएफ चढतच नाही, तेव्हा आकार कमी करून घ्या. भारतातला पत्ता लिहिताना बेळगावचा पूर्ण पत्ता, पिन कोडसह, आणि इथला *चालू* मोबाईल क्रमांक द्या. याचं कारण आहे. उतरणाऱ्यांतल्या २ टक्के प्रवाशांचा स्वॅब विमानतळावर घेतात. नमुना देऊन लगेच बाहेर पडता येतं, निकालासाठी थांबावं लागत नाही. पण निकाल पॉझिटिव्ह आला तर यंत्रणा त्या क्रमांकावरच शोधते. परदेशातलं बंद पडलेलं सिम लिहिलंत तर पोलीस पत्त्यावर येतात आणि गल्लीभर विनाकारण चर्चा होते.

मुंबईहून बेळगावचा टप्पा हा वेगळा विषय. परदेशातून येताना दिल्लीचा नियम, राज्याची हद्द ओलांडताना बेंगळुरूचा. ३१ जुलै २०२१ च्या आदेशानं महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याला, दोन डोस झालेले असले तरी, ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल लागायचा. राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर ज्यांच्या गाड्या माघारी फिरल्या त्यांत ‘आम्ही तर परदेशातून तपासून आलो’ म्हणणारेही होते, कारण त्यांचा अहवाल मुंबईत उतरून एक मुक्काम केल्यावर ७२ तासांपलीकडं गेलेला होता. हे आदेश पुष्कळदा बदललेत, तेव्हा गाडी सांगण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाचा त्या आठवड्याचा आदेश बघा. विमानाचे बोर्डिंग पास फाडून टाकू नका, नाक्यावर ‘कुठून आलात’ याचं उत्तर तेच देतात.

मुंबईऐवजी बेंगळुरू किंवा गोव्याहून गेलेलं बरं काय? बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानानं मुंबई गाठली तर?
— एक वाचक, येळ्ळूर

बेंगळुरूचा फायदा एकच, पण मोठा : बेळगावहून सगळा रस्ता कर्नाटकातच, मध्ये हद्द नाही. अंतर मुंबईएवढंच, आणि रेल्वेची रात्रीची गाडी मिळते. गोवा जवळ आहे, चोर्ला घाटातून तीन-साडेतीन तासांत दाबोळी विमानतळाच्या बाजूला जाता येतं, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय विमानं २३ मार्च २०२० पासून बंदच होती. तेव्हा चालत ती दोन देशांतल्या खास करारांवरची, आणि दाबोळीहून अशी फारच थोडी.

सांबऱ्याहून विमानानं जात असाल तर दोन गोष्टी पाळा. तिकीट वेगळं असेल तर दोन विमानांत किमान सात-आठ तास ठेवा, कारण पावसानं किंवा धुक्यानं सांबऱ्याचं विमान रद्द झालं तर परदेशी कंपनी तुमची वाट बघणार नाही. दुसरं, मुंबईत काही देशांतर्गत विमानं टर्मिनल १ ला उतरतात आणि परदेशी विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. मधला रस्ता विमानतळाच्या बाहेरून आहे. सामान घ्यायचं, टॅक्सी करायची, संध्याकाळच्या गर्दीत तासभर तिथंच जातो. चाचणीचे तास मोजताना तो तासही धरा.